झील धरणारे गळे : मागे उभ्या राहिलेल्या गायिकांचा इतिहास



स्मृतिव्याख्यान म्हणजे एका नावाचे स्मरण. नाव जपावे आणि पुढच्या पिढीच्या कानांवर घालावे, हा अशा व्याख्यानमालांचा मूळ हेतू असतो. म्हणूनच आजच्या प्रसंगी ज्यांची नावे जपली गेली नाहीत अशा काही गळ्यांविषयी बोलावे, असे मला वाटले. गाण्याच्या इतिहासात पुढे उभ्या राहिलेल्यांचे चरित्र लिहिले जाते. त्यांच्या मागे उभे राहून सूर धरणाऱ्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, काय झाले हा आजचा विषय आहे.

माझा व्यवसाय भाषेचा असल्याने सुरुवात शब्दांपासून करतो. मुख्य गायकाने एक ओळ टाकावी आणि मागच्यांनी ती उचलून धरावी, या क्रियेला मराठीत ‘झील धरणे’ किंवा ‘झील ओढणे’ असा सुंदर शब्दप्रयोग आहे. पोवाड्यात शाहिराच्या मागे झिलकरी असतो. तमाशाच्या फडात ढोलक्या, हलगीवाला, तुणतुणेवाला, झांजवाला यांच्या जोडीला सुरत्या असतो. शाहीर दमला की ध्रुपद सांभाळायचे, त्याला श्वास घेण्याइतकी फुरसत द्यायची आणि सूर खाली पडू द्यायचा नाही, हे सुरत्याचे काम. फडावर बसलेल्या कोणत्याही जाणकाराला हे ठाऊक असते की सुरत्या ढिला पडला तर शाहिराची सारी प्रतिभा वाया जाते. असे असूनही रोजच्या व्यवहारात आपण ‘तो साहेबांची झील ओढतो’ किंवा ‘दुसऱ्याची री ओढतो’ असे म्हणतो तेव्हा त्यात प्रशंसा नसते. स्वतःचे मत नसलेला, लाचार, पाठीमागे फिरणारा मनुष्य, असा त्याचा अर्थ होतो. मागे राहून गाणे हे कौशल्याचे काम आहे ही जाणीव भाषेतून कशी नाहीशी झाली, याची साक्ष हे दोन वाक्प्रचार देतात.

आता नावाचा प्रश्न. मुद्रणकला येण्यापूर्वी आपल्याकडे कवीचे नाव टिकवण्याची एक सोय होती, ती म्हणजे नाममुद्रा. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचे नाव गुंफलेले असते. संत जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिने स्वतःचा निर्देश नामदेवांची दासी असाच केला, पण अभंगात स्वतःचे नावही घातले. त्यामुळे सातशे वर्षांनंतरही तिचे अभंग तिच्याच नावावर आहेत. दासीलाही नाव राखता आले, कारण ती रचना करीत होती आणि रचनेत नावासाठी जागा होती.

पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहिरांनी हीच रीत लावणीत आणि पोवाड्यात चालवली. अनंत फंदी, राम जोशी, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम यांची नावे त्यांच्या रचनांच्या अखेरीस येतात. होनाजी बाळा हे नाव तर आपल्याला एकाच माणसाचे वाटते. वस्तुतः ती दोन माणसे होती. होनाजी शिलारखाने हा रचना करणारा, तर बाळा कारंजकर हा गाणारा. एक गवळी, दुसरा शिंपी. गाणाऱ्याचे नाव रचणाऱ्याच्या नावाशी इतके एकरूप झाले की पुढे ते वेगळे करून सांगावे लागले. याचा अर्थ असा की गळ्याला मान देण्याची आणि त्याचे नाव राखण्याची पद्धत मराठी परंपरेला अगदी अपरिचित नव्हती. मात्र हा मान मिळाला तो पुरुषाच्या गळ्याला.

त्याच काळात स्त्रियाही गात होत्या. पेशवेकालीन कागदपत्रांत कलावंतिणी, नाटकशाळा आणि कुणबिणी यांचे उल्लेख येतात. ते बहुधा बिदागी, पोशाख आणि पोटगीच्या हिशेबांत असतात. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली किंवा शिक्षा म्हणून सरकारजमा झालेली दासी. लावणीत स्त्री ‘मी’ म्हणून बोलते, रुसते, विनवते, पण त्या ‘मी’च्या शेवटी नाव येते शाहिराचे. शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी लावणी-कलावंतिणींच्या इतिहासाचा जो अभ्यास केला, त्यात हा पेच नीट मांडला आहे : शब्द पुरुषांनी लिहिले, ते स्त्रीच्या तोंडी घातले आणि मग त्या शब्दांवरून त्या स्त्रियांची नीती ठरवली. या स्त्रिया बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी, डोंबारी अशा जातींतल्या होत्या. गळा त्यांचा, रसिकता वरच्या जातींची आणि बदनामी पुन्हा त्यांचीच, अशी ही वाटणी होती.

या अंधारात ठळकपणे दिसणारे पहिले नाव पवळाबाईचे. संगमनेर तालुक्यातील हिवरगावची ही महार समाजातील स्त्री. त्यापूर्वी तमाशात स्त्रीचे काम नाच्या पोऱ्या करीत असे. पवळाबाई फडावर आली आणि पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) लावण्यांना तिचा गळा लाभला. बापूराव हे रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी, जन्माने ब्राह्मण. जात आणि घर सोडून ते तमाशात आले, ही त्यांच्या आयुष्यातील मोठी किंमत होती, यात संशय नाही. त्यांच्यावर पुढे पुस्तके निघाली, १९५० साली त्यांच्या नावाचा चित्रपटही आला. पवळाबाईचे नाव त्या सर्व कथांत येते, परंतु बापूरावांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून येते. तिने गाणे कोणाकडून घेतले, चाली बसवण्यात तिचा वाटा किती होता, हे प्रश्न विचारावेत असे तिच्या काळातील लिहित्या मंडळींना वाटले नाही.

या संदर्भात एक प्रसंग विसरता येत नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या उत्पन्नातून देणगी देऊ केली असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या चळवळीला नको, ही त्यांची भूमिका होती. बापूरावांची भावना प्रामाणिक असेल. बाबासाहेबांचा नकारही तितकाच स्पष्ट होता. या प्रसंगाने आपल्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या रंगमंचाने या स्त्रियांना नाव दिले, त्याच रंगमंचाने त्यांना बांधूनही ठेवले. तेव्हा आज आपण त्यांच्या कलेचे कौतुक करताना त्यांच्या दास्याचेही कौतुक करीत नाही ना, हे तपासावे लागते. मला वाटते, त्यांचे नाव, काम आणि मोबदला यांचा हिशेब मागणे हाच या पेचातून निघण्याचा मार्ग आहे. नुसत्या कौतुकाने तो हिशेब पुरा होत नाही.

विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांची हकिकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडात त्या वाढल्या. नऊ महिने भरलेले असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, कळा येऊ लागल्यावर पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. राष्ट्रपती पुरस्कार मिळूनही त्यांचा अखेरचा काळ हलाखीत गेला. त्यांच्या मृत्यूनंतर २००६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या बैठकीच्या लावणीच्या थोर गायिका. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, म्हणजे वयाची नव्वदी उलटून गेल्यावर.

विठाबाईंची हकिकत वाचताना मला सातासमुद्रापलीकडची एक गोष्ट आठवते. १९६९ साली लॉस एंजेलिस येथे रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या ‘गिमी शेल्टर’ या गाण्यासाठी रात्री उशिरा एका कृष्णवर्णीय गायिकेला बोलावणे गेले. तिचे नाव मेरी क्लेटन. ती गरोदर होती. तिने आपला आवाज इतका ताणून लावला की आज ते गाणे तिच्या त्या किंकाळीसारख्या सुरामुळेच ओळखले जाते. त्यानंतर लवकरच तिचा गर्भपात झाला. तबकडीवर तिचे नाव छापले गेले, पण स्पेलिंग चुकीचे होते. हे नाव तिथे निदान छापले तरी गेले. डार्लीन लव्ह या दुसऱ्या कृष्णवर्णीय गायिकेने १९६२ साली ‘ही इज अ रेबेल’ हे गाणे गायिले. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले, पण तबकडीवर नाव होते ‘द क्रिस्टल्स’ या वेगळ्याच गायिकासमूहाचे. पुढे चरितार्थासाठी या बाईंना लोकांच्या घरी साफसफाईचे काम करावे लागले, आणि तेथे काम करीत असताना रेडिओवर त्यांना स्वतःचेच जुने गाणे ऐकू आले. २०११ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २०१३ साली अशा पाठगायिकांवर ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ हा माहितीपट निघाला आणि त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा कुठे सामान्य श्रोत्याला या स्त्रियांचे चेहरे दिसले.

वर्णभेद आणि जातिभेद यांचा इतिहास एकच आहे असे मी म्हणत नाही. दोन्हींची मुळे आणि घडण वेगवेगळी आहे. परंतु गाण्याच्या बाबतीत दोन्हीकडे एक साम्य आढळते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एकाने हाक द्यावी आणि समुदायाने होकार भरावा, ही गायनाची रीत होती. आपल्या कीर्तनात आणि पोवाड्यात तीच आहे. या रीतीत मागचा आवाज पुढच्याइतकाच आवश्यक असतो. देवळात, चर्चमध्ये, फडावर हे सर्वांना दिसत होते. ध्वनिमुद्रण आले, गाण्याची वस्तू झाली, तिच्यावर नावाची चिठ्ठी लावायची वेळ आली, आणि चिठ्ठीवर जागा थोडी होती. ती कोणाला द्यायची हे ठरवताना समाजातील जुनी उतरंड कामी आली.

आपल्या देशात तबकडीचे युग १९०२ साली सुरू झाले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत आपले नाव उच्चारते. कारण व्यावहारिक होते. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला तयार होत आणि तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळावे लागे. पण त्यामुळे अभंगातील नाममुद्रेचेच काम झाले. ज्या कलावंतिणीने स्वतःच्या तोंडाने नाव सांगितले, तिचे नाव टिकले.

चित्रपटात ही सोय राहिली नाही. हिंदी चित्रपटातील पार्श्वगायनाचा आरंभ न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’ (१९३५) या चित्रपटापासून मानतात. त्यातील एक गाणे पारुल घोष, सुप्रभा सरकार आणि हरिमती या स्त्रियांनी मिळून गायिलेले समूहगीत होते. म्हणजे पार्श्वगायनाच्या उंबरठ्यावरच स्त्रियांचा समूह उभा होता, पण आज पार्श्वगायनाचा इतिहास सांगताना ही तीन नावे किती जणांच्या ओठांवर येतात? पुढे ‘महल’ (१९४९) मधील गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापलेले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव. गाणे गायिले होते लता मंगेशकरांनी. श्रोत्यांनी विचारणा केली आणि त्यांचे नाव बाहेर आले. फिल्मफेअर पुरस्कारांत पार्श्वगायनाला स्थान नव्हते. लताबाईंनी त्याबद्दल आग्रह धरला आणि १९५९ पासून तो पुरस्कार सुरू झाला. या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते की नाव आपोआप मिळत नाही, कोणी तरी ते मागावे लागते. लताबाईंना मागता आले, कारण त्यांच्यावाचून निर्मात्यांचे चालत नव्हते. त्यांच्या मागे कोरसमध्ये उभ्या असलेल्या मुलींची जागा दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी घेऊ शकत होती, मग त्यांनी नाव कोणत्या बळावर मागावे?

मराठी चित्रपटातही लावणीचे असेच स्थित्यंतर झाले. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. ‘पिंजरा’ (१९७२) घरोघरी पोचला. आशा भोसले, उषा मंगेशकर, सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांच्या आवाजात लावणी मध्यमवर्गाच्या माजघरात आली. या गायिकांचे श्रेय निर्विवाद आहे. पण लावणीची ती ठेवण, तो ठसका, शब्दावर थबकण्याची ती अदा फडावरच्या आणि बैठकीच्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली होती, हे श्रेयनामावलीत कोठेच आले नाही.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. २०१२ मध्ये भारताच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गायक-वादकांना त्यांच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापराबद्दल मानधनाचा वाटा मिळण्याचा हक्क आला. ही स्वागतार्ह गोष्ट होती. मात्र त्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे आणि व्यवसायाच्या प्रघाताप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कोठेच दिले जात नाही, त्याला ‘सादरकर्ता’ समजले जाणार नाही. आपल्या सादरीकरणाच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क तेवढा त्याला राहतो. या कलमाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. नाव न देण्याचा प्रघात आधी पडला आणि पुढे तोच प्रघात हक्क नाकारण्याचा आधार होऊ शकतो. मागच्या आवाजाचे काम ‘आनुषंगिक’ ठरवणे किती सोपे आहे, हे सांगायला नको.

आता आपल्या गावाकडे वळू. हैदराबादला गाणाऱ्या स्त्रियांचा मोठा वारसा आहे. महलका बाई चंदा (१७६८–१८२४) ही दुसऱ्या आणि तिसऱ्या आसफजाहांच्या काळातील कवयित्री, गायिका आणि नर्तकी. तिचा उर्दू दिवान आहे, मौला अलीच्या पायथ्याशी तिची कबर आहे. तिने शेकडो मुलींना गायन-नृत्याचे शिक्षण दिले आणि आपली संपत्ती निराधार स्त्रियांसाठी ठेवली. तिचे नाव राहिले, कारण तिच्यापाशी लेखणी होती, जहागीर होती आणि दगडात कोरलेला लेख होता. तिच्या मागे उभे राहून सूर धरणाऱ्या, तिच्याकडे शिकलेल्या त्या मुलींपैकी किती जणींची नावे आपण सांगू शकतो? या शहरात लग्नघरी दखनीतून ‘ढोलक के गीत’ गाणाऱ्या बायकांचीही तीच गत. एक बाई ओळ काढते, बाकीच्या उचलतात, आणि वऱ्हाड पांगल्यावर गाणेही पांगते.

याच भूमीतून एक आशादायक उदाहरणही देता येते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथील आणि महाराष्ट्रातील इतर भागांतील जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी पुण्यातून अनेक वर्षे गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या असा तो प्रचंड संग्रह आहे. आपल्याकडील पूर्वीच्या ओवीसंग्रहांत ओव्या विषयवार लावलेल्या असतात, पण म्हणणाऱ्या बाईचे नाव बहुधा नसते. ओवीत भावाचे, लेकाचे, गावाचे नाव येते, पण दळणारी स्वतःचे नाव घालीत नाही. राईरकर-पॉइतव्हाँ यांनी गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव टिपून ठेवले. म्हणून परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई आंबोरे यांचा आवाज आज त्यांच्या नावासह ऐकता येतो. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या उपक्रमाने या ओव्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. यात अवघड असे काही नव्हते. वहीत एक रकाना जास्त आखला, एवढेच.

येथे एक आक्षेप येईल. समूहगानात ‘मी’ विरून जावा हेच तर त्याचे सौंदर्य नाही काय? दिंडीतला टाळकरी आपले नाव कोणाला विचारायला सांगतो? हा आक्षेप वजनदार आहे. माझे उत्तर असे की, दिंडीत सर्वांनीच नाव खाली ठेवलेले असते. विणेकऱ्याच्या पायाही सगळे पडतात आणि तोही सगळ्यांच्या पडतो. तिथले अनामिकपण स्वीकारलेले आहे. परंतु जेथे एकाचे नाव ठळक अक्षरांत छापले जाते, त्याला मोबदला आणि मान मिळतो, आणि शेजारचीचे नाव वगळले जाते, तेथे अनामिकपण लादलेले असते. या दोहोंना एकच शब्द वापरून आपण दुसऱ्या प्रकारातील अन्यायावर पहिल्या प्रकारातील पावित्र्याचे पांघरूण घालतो.

तेव्हा आपण काय करू शकतो? कायदा बदलणे आपल्या हाती नसेल, पण कार्यक्रमपत्रिका आपल्या हाती आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वागतगीत गाणाऱ्या सर्व मुलींची नावे स्मरणिकेत छापता येतात. ‘आणि सहकारी’ हे दोन शब्द वाचवायचे ठरवले तर अर्धे पान जास्त लागेल. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की आपापल्या घरी, भजनी मंडळात, मंगळागौरीत, लग्नघरात गाणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांची गाणी ध्वनिमुद्रित करा. ती साधने आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. मुद्रण करताना आरंभी किंवा शेवटी त्यांना स्वतःचे पूर्ण नाव, माहेरचे गाव आणि गाणे कोणाकडून शिकल्या हे स्वतःच्या तोंडाने सांगायला लावा. ओळ काढणारीला विचाराल, तसेच मागून साथ करणाऱ्या प्रत्येकीला विचारा. त्या लाजतील, ‘आमचे कसले नाव’ म्हणतील. तरीही थांबा आणि पुन्हा विचारा.

शाळेने हे ध्वनिमुद्रण आपल्या ग्रंथालयात ठेवून घेण्याची व्यवस्था केली, तर हैदराबादेतील मराठी स्त्रियांच्या गाण्याची पहिली नावनिशीवार नोंद येथेच होऊ शकेल. ते काम या वर्षीच सुरू करावे, अशी सूचना व्यवस्थापनापुढे ठेवून मी आपली रजा घेतो.